डावं फूल

नाही, तिथं नको — अहो, त्या दगडाच्या आडोशाला तर अजिबात नको. पलीकडे करवंदीची जाळी आहे ना, तिच्यामागं जा, तिथं कुणाची हरकत नाही, मी समुद्राकडं तोंड करून उभी राहते… झालं? बरं. रागावू नका. सगळे इथंच थांबतात. चढ चढून आलं की पहिला सपाट कातळ हाच, समोर एवढा समुद्र, माणसाला वाटतं इथं कुणी नाही. आरे-वारेला चाललात ना? मग आलंच की — हा उतार संपला की रस्ता खाली दोन्ही किनाऱ्यांच्या मधनं जातो, गाडी लावायला जागा आहे, चहा मिळतो — नाही, मला नको कुठं सोडायला. थँक्यू, पण मी इथलीच. म्हणजे अगदी इथलीच. ह्या दगडाची.

हसा, हसा. हसणारे बरे, पळणारे जास्त असतात. मागं खेडचं एक जोडपं थांबलं होतं, त्यांनी मला फुलवाली समजून हाराचा भाव विचारला. मी सांगितला पण — काय करणार, कुणी काहीतरी विचारलं ह्याचाच आनंद. तुम्हाला खरं वाटत नाहीये ना? माझे केस बघा. तुमचा शर्ट कसा फडफडतोय, सुकलेलं गवत सगळं आडवं झालंय, पौषातला वारा आहे हा, खालून थेट वर येतो — आणि माझी एक बट तरी हलतेय का? नाही ना. थांबा, थांबा, पळू नका, मी काही करत नाही, मला काही करता येतच नाही, तेच तर सांगायचंय. मी भूत नाही. मी शिवेची राखणदार. गावाची हद्द इथं संपते, तिच्यावर उभी असते ती. आत्तापर्यंत सगळीकडं पुरुषच ऐकलेत तुम्ही, काठी आणि घोंगडीवाले, माहितेय मला. माझ्याकडं जीन्स आणि हा कुर्ता. ज्या कपड्यांत उभी राहिले त्याच कपड्यांत आहे.

राही माझं नाव. गावातल्या कुणाला मी दिसत नाही आणि माझा आवाजही ऐकू जात नाही. परगावच्या माणसाला दिसते, ऐकू येते, पण तो पुढचं वळण उतरला की विसरतो. तुम्हीही विसराल. खाली चहा पिताना वाटेल, वर कुठंतरी थांबलो होतो बहुतेक, बस. म्हणून तर निरोप कुणाकडं देता येत नाही. मी दिलेत की. आधी आधी रोज कुणाच्या ना कुणाच्या हाती द्यायचे, शमिकाला सांगा, शमिकाला सांगा — माणसं चांगली असतात हो, हो हो म्हणतात, नाव पाठ करतात, गाडी सुरू करतात. आणि वळणावर सगळं सांडून जातं.

तर निरोप नकोय मला. हात हवाय. तुमचा हात, एवढ्याशा कामाला. ती आता येईल. यष्टी यायच्या आधी येईल, कारण इथूनच यष्टीत बसणार आहे, आणि बसायच्या आधी मला विचारणार आहे. तेवढं थांबा. आरे-वारे कुठं पळून जात नाही.

शमिका म्हणजे — कशी सांगू. तिचे वडील जहाजावर खलाशी, आईचं घर खाली बंदराशी. ही लहानपणापासून सांगायची, मी पण बोटीवर जाणार, आणि बोटीवर म्हणजे स्वैपाकाला नाही, बोट चालवायला. सगळे हसायचे. मी नव्हते हसायला, मी तेव्हा डेहराडूनला होते. आईबाबा गेल्यावर आत्यानं मला तिथल्या शाळेत घातलं, कुणीतरी सांगितलं म्हणून, फी माफ होती म्हणून, पोरीचं कल्याण होईल म्हणून. झालं कल्याण. मग बंगळूरला कॉलेज. मग परत आले — हो, स्वतःहून परत आले, नोकरी सोडून, कारण मला कळलं की ह्या सड्यावर, ह्या कातळाच्या माळावर, चिऱ्यांची खाण येणार, हा सगळा कातळ कापून नेणार, मागची देवराई तोडून ट्रकला रस्ता करणार. मी तेव्हा कशी होते, तुम्ही बघायला हवं होतं. झोळी, लॅपटॉप, आणि गावातल्या प्रत्येक ओटीवर भाषण. पाणी कुठून मुरतं, झरा कसा मरतो. लोक ऐकून घ्यायचे, कोकम सरबत द्यायचे. शमिका मागं उभी राहून ऐकायची आणि सभा संपली की म्हणायची, तुझं मराठी बातम्यांसारखं आहे गो, खाली पट्टी फिरतेय असं वाटतं.

तिनंच मला स्कूटर शिकवली. ह्याच उतारावर. मागं बसून माझ्या हातांवर हात ठेवायची, ब्रेक दाबायची वेळ आली की माझ्या बोटांसकट दाबायची. एकदा खाली, दोन्ही किनाऱ्यांच्या मधे, वारा असा होता की काही ऐकू येत नव्हतं, आणि ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली — अगदी सरळ, भाजी आण म्हणावं तसं — "मला नवरा नकोय कुठला. मला तू हवीस. आता पुढं बघून चालव." मी गाडी वाळूत घातली. दोघी पडलो. तिचं कोपर फुटलं आणि ती हसत होती. ओटीओटीवर भाषणं करणारी मी तिचं कोपर धरून बसले नुसती. मग तिनंच — असो. ते तुम्हाला कशाला सांगतेय.

गावाला? गावाला काय, मैत्रिणी मैत्रिणी. एकत्र फिरतात, एकत्र जेवतात, जोडगोळी आहे. आत्याला कळलं होतं, मला वाटतं. ती रात्रीच्या आमटीत एका माणसाचं पाणी जास्त घालायला लागली. एवढं पुरे होतं. मला वाटायचं, एवढं पुरेसं आहे, ह्यातून हळूहळू सगळं होईल. खाण थांबेल, शमिका परीक्षा देईल, बोटीवर जाईल, सुट्टीत येईल, मी इथं रोपवाटिका काढेन, म्हातारी होईपर्यंत लोकांना सवय होईल. सवय हा माझा मोठा विश्वासाचा शब्द होता तेव्हा.

मग मशीन आलं. पिवळं, दातेरी, रस्त्याच्या खाली उभं करून ठेवलेलं. गाव ह्या दगडाशी जमलं गाऱ्हाणं घालायला. आमच्याकडं तशीच रीत आहे, कोर्टात जायच्या आधी देवाला सांगायचं. गाऱ्हाणं घालतो गुरव, एकटा बोलतो, मोठ्यानं, बा देवा महाराजा करून, आणि प्रत्येक वाक्याला बाकी सगळे म्हणतात, होय महाराजा. तुम्ही ऐकलं असेल कुठं जत्रेत. तर त्या दिवशी सखाराम गुरवांचा घसा बसला होता. ते म्हणाले, ही पोर बोलते चांगली, हिला घालू दे. मला म्हणाले, "तुला येतील त्या शब्दांत घाल, बाय. मनापासून घाल म्हणजे झालं." आणि घातलं मी मनापासून. काय बोलले सांगू? म्हटलं, बा शिवेच्या राखणदारा, तू दमलास असशील, युगं झाली तुला उभं राहून, तर हा कातळ राखायला, ही झाडं राखायला, हा झरा राखायला आमच्यातलंच कुणीतरी ह्या शिवेवर उभं कर. सगळं गाव म्हणालं, होय महाराजा. आणि मी पण म्हणाले. सगळ्यांत मोठ्यानं. मूठ वर करून, मोर्च्यात म्हणतात तसं.

तुम्हाला काही वाटलं नाही ना ह्यात? मलाही नव्हतं वाटलं. पण गाऱ्हाणं घालणाऱ्यानं होय म्हणायचं नसतं. मागणारा वेगळा, होकार देणारे वेगळे. जो मागतो आणि स्वतःच होय म्हणतो त्यानं स्वतःलाच दिलेलं असतं. हे इथं कुणी कुणाला शिकवत नाही — दरवर्षी आईचा पदर धरून इथं उभं राहिलेल्या पोराला ते असंच कळतं, जेवताना ठसका लागला की वर बघायचं, तसं. मी ती सगळी वर्षं डेहराडूनला होते. सखाराम गुरवांचा चेहरा मला आठवतो. त्यांनी हात वर केला, पण आवाजच नव्हता ना त्यांना. आणि शमिका माझ्या शेजारी होती, माझा हात तिच्या हातात होता. मग माझा हात राहिलाच नाही, तिचा हात नुसताच मिटला.

बाकी कुणाच्या फारसं ध्यानात आलं नाही. गर्दी होती, मशीनवाला शिव्या देत होता, मशीन काही केल्या शीव ओलांडेना, सगळे तिकडं धावले. नंतर गाव म्हणालं, राही परत गेली. बंगळूरला. कुणाला नवल वाटलं नाही. शिकलेली पोर, दोन दिवस आली, भाषणं केली, गेली, ती काय टिकणार होती इथं. मी इथून ऐकत होते. आत्याला गुरवांनी खरं सांगितलं. ती अवसेला भात आणून ठेवते, दगडाकडं न बघता, आणि म्हणते, निवायच्या आत खा.

खाण? थांबली. हो, थांबली ना. इथं थांबली आणि शेजारच्या गावात गेली. तिथं कुणी गाऱ्हाणं घातलं नाही बहुतेक, किंवा घातलं असेल नीट रीतीनं, घालणाऱ्यानं होय न म्हणता. तो ट्रकचा धूर दिसतोय ना, नारळांच्या मागं, तिथं देवराई होती. आमच्यापेक्षा मोठी. मी बघितली रोज कमी होताना. माझी शीव ह्या दगडापर्यंत. त्यापुढं एक पाऊल नाही टाकता येत मला.

बसा ना, उभे का? तो कातळ तापलेला नाही अजून.

तर कौल. त्यासाठी थांबवलंय तुम्हाला. ह्या दगडाला पाणी लावून दोन फुलं चिकटवतात, तगरीची, एक उजवीकडं, एक डावीकडं. मग डोळे मिटून विचारायचं. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. गाव गुरवांकडून विचारतं — लग्न करू का, विहीर इथं खणू का, केरूची म्हैस सापडेल का. हल्ली तेही कमी झालंय, फोनवर विचारतात सगळं. शमिका मात्र दर सोमवारी येते, एकटी, स्वतःच फुलं लावते, आणि एकच विचारते. राही, आहेस का? आणि मी उजवं पाडते. मग ती डोळे उघडते, फूल उचलते, केसात घालते, इथं बसते जरा, गावातल्या गोष्टी सांगते. मी उत्तरं देते. तिला ऐकू येत नाहीत पण ती मधे मधे बरोबर तेवढी थांबते. आमचं चांगलं चाललं होतं हो. म्हणजे — लोकांचं ह्याहून वाईट चालतं.

ती परीक्षा पास झाली. बोटीवर घ्यायला तयार झाले तिला, कॅडेट म्हणून. पहिल्यांदा बोलावणं आलं, ती नाही म्हणाली. घरी सांगितलं, भीती वाटते. भीती, तिला. इथं येऊन मला म्हणाली, तू आहेस तर मी कशी जाऊ. आता परत बोलावलंय, आणि ह्यानंतर वय बसत नाही. आईनं बॅग भरून दिलीय. आणि ती काल आईला काय म्हणाली माहितेय? म्हणाली, सकाळी कौल घेते, राही असेल तर मी नाही जात, नसेल तर जाते. गुरवांच्या सुनेनं सांगितलं इथं दिवा लावताना, म्हणजे मला नव्हे, दुसऱ्या बाईला, पोरीला वेड लागलंय म्हणून, पण मी ऐकलं.

मला खोटा कौल देता येत नाही. हा नियम आहे, आणि नियम म्हणजे गुरुत्वाकर्षणासारखा, मोडायचा ठरवला तरी मोडत नाही. मी करून बघितलंय. डावं फूल पाडायला जाते, बोटं जड होतात, फूल हलत नाही. मी आहे, तर मी आहे असंच पडणार. पण तुम्ही राखणदार नाही. तुम्ही दगडाच्या मागं बसायचं, ही गवताची काडी घ्यायची, तिनं डोळे मिटून विचारलं की मागून काडी घालून डावं फूल ढकलायचं. अगदी हलकं. ती डोळे उघडेल, डावं पडलेलं बघेल, मी नाही असं समजेल, आणि यष्टीत बसेल. एवढंच.

फसवणूक म्हणता? असेल. तिची सगळी वर्षं इथं दगडासमोर बसून जाण्यापेक्षा बरी. नाही, मला काही होणार नाही. मला काय व्हायचंय. उभी राहीन. पाऊस येईल, जाईल, कातळावर फुलं येतील — नाही, म्हणजे खरं तर… ज्या राखणदाराला कुणी विचारत नाही तो हळूहळू दगड होतो. आधीचा तसाच झाला होता. मी त्याला दमलास म्हटलं, तो दमला नव्हता, तो नव्हताच, नुसता दगड उरला होता. गाव काही मला म्हणून विचारत नाही, दगडाला विचारतं. माझं नाव घेऊन विचारणारी ती एकटीच. आत्या भात ठेवते पण विचारत काही नाही. तेव्हा — हे मी सांगणार नव्हते तुम्हाला. तुम्ही विसरणारच आहात, ते बरंय.

आणि अजून एक सांगू? मला वाटतं तिनं जाऊ नये. असं आहे ते. सगळं ठरवलंय, काडीसुद्धा मीच हेरून ठेवली, आणि आत्ता ह्या क्षणी मला वाटतंय तुम्ही नाही म्हणावं, गाडी काढून निघून जावं, ती यावी, उजवं पडावं, तिनं बॅग इथं टाकावी आणि केसात फूल घालून सांगायला लागावं, काल म्हणे केरूची म्हैस…

आली. ती बघा. निळी बॅग. मागं जा, दगडाच्या मागं, वाका. बोलू नका. तुम्ही बोललात तर तिला ऐकू जाईल.

केस कापले तिनं. किती कापले. गेल्या सोमवारी होते की… बोटीवर लागत असतील बारीक. आता फूल कुठं घालणार. — पाणी लावतेय. उजवं. डावं. फुलं कशी नेमकी चिकटवली बघा, माझ्याहून नेहमी तीच धीट. डोळे मिटले. काडी घ्या. डावीकडचं. अजून नको, विचारू दे आधी, विचारलं की —

थांबा. थांबा, काडी मागं घ्या, हात मागं घ्या.

ऐकलंत ना काय म्हणाली? आहेस का, नाही विचारलं. "राही, मी जाऊ का?" मी आहे हे धरूनच चाललीय ती. मला विचारतेय. डावं पाडलंत तर नको होईल, जाऊ नको होईल. टाका ती काडी. ह्याला तुमचा हात चालणार नाही.

हा माझा कौल. हो म्हणायचं तर मला हो वाटायला हवं, नुसतं म्हणून पडत नाही ते. बघा, पडत नाहीये. दोन्ही चिकटून आहेत. आत्ता सांगितलं ना तुम्हाला मला काय वाटतं ते, तर मग कसं पडेल. तिचे डोळे मिटलेले आहेत अजून. यष्टी चढाला लागली, आवाज येतोय, शेवटच्या चढाला ती नेहमी अशीच कण्हते. ती थांबलीय माझ्यासाठी. ती तशीच थांबेल, यष्टी गेली तरी थांबेल, मी ओळखते तिला, तिला सांगितल्याशिवाय ती हलणार नाही, आणि यष्टी गेली की गेलीच —

शमिका. जा गो. ऐक, बातम्यांसारखं नाही म्हणत. जा. मोठं पाणी बघ. तिकडं कुणी भेटलं तर तिचं कोपर धर. माझ्यासाठी थांबलीस ते पुष्कळ झालं. मला हवं आहे तू जावंस. हवं आहे. मला —

पडलं.

उजवं पडलं ना? सांगा, मला नीट दिसत नाहीये. उजवंच ना.

उचललं तिनं. खिशात ठेवलं. काही बोलली का? हसली? मला वाटलं काहीतरी म्हणाली, ओठ हलले, पण यष्टीच्या आवाजात… असू दे, नका सांगू. मागं वळून नाही बघणार ती, कौल घेऊन निघालेल्यानं बघायचं नसतं, तिला रीत माहितेय. चढली. खिडकीशी बसली, समुद्राच्या बाजूला. बरोबर. तिनं त्याच बाजूला बसायला हवं.

तुम्ही निघा आता. नाही, थांबून काय करणार, तुम्ही काही करू शकत नाही, आणि मला कुणी विचारायचंच असेल तर ते माझं नाव माहीत असलेल्यानं, वळणापलीकडंही माहीत राहिलेल्यानं. मी बरी आहे. पाय जड वाटतात जरा, गार वाटतात, कातळासारखे, पण दुखत नाही. थांबलात त्याबद्दल आभार. गाडी हळू उतरवा, घाई करू नका, पुढच्या वळणावर वाळू असते, तिथं जरा